डावी खुर्ची

मोनाली वळवीच्या व्हिडिओंचं काय करायचं हे ठरवायला तिघे कॅप्टन बसले आणि पहिला चहा संपेपर्यंत बैठकीची खोली एसटीची बस उभी राहील एवढी लांब झाली.

कॅप्टन दिगंबर सबनीसांच्या ते लक्षात आलं थर्मासमुळे. बसताना थर्मास त्यांच्या कोपराशी होता. दुसरा कप ओतायला हात लांब केला तर तो हाताला लागेना. उठून चालत जावं लागलं. कप घेऊन परत आल्यावर ते म्हणाले, "खोली लांब झालीय."

"बोलणं लांबलं की होते तशी," कॅप्टन उल्का ठोसर म्हणाल्या. "मुद्द्यावर या."

मुद्दा साधा होता. मोनाली विमानात उजव्या खुर्चीवर बसायची, म्हणजे सहवैमानिक होती. आता तिचं नाव कमांडसाठी, म्हणजे डाव्या खुर्चीसाठी आलं होतं. ती कॅप्टन होण्याइतकी तयार आहे यात कुणाला शंका नव्हती. शंका होती ती व्हिडिओंची. सुट्टीत तळोद्याला घरी गेली की मोनाली अंगणात खाटेवर बसून फोनसमोर बोलायची. अंगावर गणवेश नसायचा, विमानातलं एक चित्र नसायचं, कंपनीचं नाव नसायचं. विमानाला घाबरणाऱ्या लोकांना ती सांगायची, की विमान हादरतं म्हणजे काय होतं, उडाल्यावर पोटाखाली धप्प असा आवाज येतो तो कशाचा, ढगात शिरल्यावर वैमानिक काय बघतो. तिचं बोलणं ऐकायला लाखावर लोक जमले होते. वरच्या साहेबांना ते खुपत होतं. त्यांनी तिघांना सांगितलं होतं, शिफारस करा नाहीतर थांबवा, पण एकमताने.

मोनालीला तिघांनी समोरच बसवलं होतं, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. खोलीबरोबर टेबलही लांब होत होतं, त्यामुळे ती हळूहळू दूर चालली होती. पाठ सरळ ठेवून, हात मांडीवर घेऊन ती बसली होती. सबनीसांना वाटलं, एवढ्या लांबूनही ओळखू येते बसण्यावरून. ही बसायची पद्धत त्यांनीच तिला शिकवली होती.

"तिने चूक काय केली ते सांग," कॅप्टन एझ्रा पेणकर ठोसरांना म्हणाले. "एक वाक्य दाखव चुकीचं."

"चुकीचं नाहीच," ठोसर म्हणाल्या. "तोच तर घोळ आहे. एझ्रा, मी आले तेव्हा अख्ख्या बेसवर मी एकटी बाई. तोंडातून शब्द काढला नाही कधी. चुकले तर बाई म्हणून चुकले असं म्हणतील, आणि बरोबर असले तर शहाणपणा करते म्हणतील. गप्प राहून डाव्या खुर्चीत गेले. हिने लाख लोकांना सांगून ठेवलंय, मला काय काय येतं ते. उद्या आडव्या वाऱ्यात एक लँडिंग जरा आपटलं, की तेच लाख लोक दात काढायला तयार."

खोली आणखी लांब झाली. लांब होताना ती अरुंदही होत होती, कणीक ओढावी तशी. डावीकडची भिंत सबनीसांच्या खांद्याजवळ आली. त्यांनी खुर्ची थोडी आत घेतली.

"माझी आई नव्वदीला टेकलीय," पेणकर म्हणाले. "मी जन्मभर विमान चालवलं आणि ती अलिबागहून कुठेही जायचं तर एसटीने. मुलाच्या विमानात पाय ठेवला नाही तिने. गेल्या महिन्यात मला विचारते, काय रे एझ्रा, पंख हलतात ते मोडू नयेत म्हणूनच हलतात ना? म्हटलं, तुला कोणी सांगितलं? तर म्हणाली, वळवीबाईने."

"मग?" ठोसर म्हणाल्या.

"मग काय. हेच मी तिला तीस वर्षं सांगतोय. माझं ऐकून घेतलं नाही, त्या पोरीचं घेतलं."

तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि पेणकरांची आई आत आली. हातात छोटी बॅग होती, अंगात स्वेटर. विमानात थंडी असते असं मोनालीने व्हिडिओत सांगितलं होतं, तेव्हा ती तयारीने आली होती. तिच्यामागे आणखी माणसं होती. एक गुरुजी होते, धडगावकडचे. त्यांच्या मुलीला बंगळुरूला बाळ झालं होतं आणि विमानाच्या धास्तीने त्यांनी नातू अजून पाहिला नव्हता. अक्कलकुव्याची एक बाई आमचुराची पिशवी छातीशी धरून आली. टेबलाच्या दोन्ही अंगांना रिकाम्या जागा पडल्याच होत्या. माणसं तिथे एकामागे एक बसली. त्यांना खुर्च्या पुरल्या. मागून आलेल्यांनाही पुरल्या.

"इथे बैठक चालू आहे," ठोसर म्हणाल्या.

"चालू दे की, बाळ," पेणकरांची आई म्हणाली. "आम्ही बसतो."

खोलीत आमचुराचा आंबट वास पसरला. सबनीसांनी भिंतीकडे पाहिलं. खिडक्यांचे कोपरे गोल झाले होते. छत इतकं खाली आलं होतं की पेणकर उभे राहिले तेव्हा त्यांना मान वाकवावी लागली.

"माझं मत हो," पेणकर म्हणाले. "नुसतं हो नाही. मला अभिमान वाटतो तिचा." मग ते दाराशी गेले आणि आत आलेल्यांची मोजदाद न करता त्यांनी दार लावून घेतलं. दांडा फिरवून घट्ट केला. तो दांडा कुठून आला हे त्यांनी विचारलं नाही.

"माझं नाही," ठोसर म्हणाल्या. "आणि मलाही वाटतो अभिमान. म्हणूनच नाही. पोरगी चांगली आहे, तिला कुणी फाडून खायला नको." त्यांच्या खुर्चीला पट्टा होता. बोलता बोलता त्यांनी तो कमरेला लावला. "राहिले तुम्ही, सबनीस. तुम्ही अजून मुद्द्यावर तोंड उघडलेलं नाही."

ते खरं होतं. सबनीस बोलले नव्हते कारण त्यांना आपल्या बोलण्याची खात्री नव्हती. मोनालीला त्यांनी शिकवलं होतं. ती पहिल्यांदा त्यांच्या शेजारी बसली तेव्हा चेकलिस्ट वाचताना तिचा आवाज थरथरत होता आणि हात मात्र थरथरत नव्हते. त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. एकदा भर पावसाळ्यात धावपट्टीवर वारा आडवा मारत होता, आणि तिने विमान असं टेकवलं की मागे कुणाचा पेला हिंदकळला नाही. ते फक्त "ठीक" म्हणाले होते. घरी जाऊन बायकोला मात्र जेवण होईपर्यंत तेच सांगत बसले होते. तिचे सगळे व्हिडिओ त्यांनी पाहिले होते. काही दोनदा पाहिले होते. एका व्हिडिओत तिने, आपल्याला हे सरांनी शिकवलं असं म्हटलं होतं, नाव न घेता. तो त्यांनी किती वेळा पाहिला ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आता ते हो म्हणाले तर ते तिच्यासाठी म्हणतील की स्वतःसाठी, हे त्यांना उमगत नव्हतं.

"मी तिला विचारून येतो," ते म्हणाले.

खोली आता इतकी लांब होती की मोनालीची फक्त पाठ दिसत होती. ती केव्हातरी वळून पलीकडच्या भिंतीकडे तोंड करून बसली होती. मधे टेबल होतं तिथे आता वाट झाली होती; सबनीस त्या वाटेने चालू लागले. दोन्ही बाजूंच्या माणसांनी त्यांना पाय आत घेऊन वाट करून दिली.

गुरुजींनी त्यांची बाही धरली. "साहेब, हादरतंय."

खरंच हादरत होतं. पायाखालचा गालिचा थरथरत होता, आणि गोल खिडक्यांबाहेर शेजारच्या इमारतीचे सज्जे मागे सरकत होते.

"घाबरू नका," सबनीस म्हणाले.

"घाबरलो नाही. आमच्या तोरणमाळच्या घाटात गाडी याहून जास्त हादरते, ती म्हणाली होती ना. मी आपलं तुम्हाला सांगितलं, तुम्ही घाबराल म्हणून."

अक्कलकुव्याच्या बाईने मान डोलावली. तिच्या शेजारचा माणूस आपल्या बायकोला सांगत होता, की आता एक घरघर ऐकू येईल, ते पंखांमागच्या फळ्या सरकतात त्याचं, त्यात काही नाही. घरघर झाली. बायको म्हणाली, "हां." सबनीस सगळ्यांचे चेहरे बघत पुढे चालले. आयुष्यभर त्यांनी अशी माणसं आपल्या पाठीमागे बसवून नेली होती, पण बंद दाराच्या अलीकडून. त्यांचे चेहरे त्यांनी कधी पाहिले नव्हते. मूठ आवळून, डोळे मिटून बसत असतील असं ते धरून चालले होते. इथे सगळ्यांचे डोळे उघडे होते. ऊर भरून येणं म्हणजे काय ते सबनीसांना तिथे, त्या अरुंद वाटेत, खांदे दोन्हीकडे घासत असताना कळलं.

टेबलाचं उरलेलं टोक आलं. त्याची कड वर वळली होती आणि तिच्यात आकड्यांचे पडदे उजळले होते. मोनाली डावीकडच्या खुर्चीत होती. उजवीकडची रिकामी होती.

"बसा ना सर," ती म्हणाली.

सबनीस बसले. उजव्या खुर्चीत ते कित्येक वर्षांत बसले नव्हते. जागा इतकी आकसली होती की गुडघे टेबलाला टेकले. समोर भिंत होती, पांढरी, खिडकी नसलेली.

"एकच विचारायचंय," ते म्हणाले. "व्हिडिओ बंद करशील?"

"नाही सर."

"कमांड गेली तरी?"

"वाईट वाटेल. खूप वाईट वाटेल, सर. रडेनही. पण आमच्याकडे विमान नुसतं डोक्यावरून जातं. पोरं खाली हात हलवतात, मीही हलवायचे. वरून कुणी काही बोलत नाही. मी वर गेले, आणि मला खाली बोलता येतं. मग गप्प कशी बसू?"

"ठोसरबाई म्हणतात, लोक फाडून खातील."

"त्या बरोबर म्हणतात."

"भीती नाही वाटत?"

"वाटते ना. एकदा भीतीवर व्हिडिओ करायचाय."

सबनीसांना हसू आलं. ते फिरून मागे बघायला गेले, पण मान वळवायला जागा उरली नव्हती. लांबून, सगळ्या रांगांच्या पलीकडून, ठोसरांचा आवाज आला. "सबनीस! हो की नाही?"

"थांबा जरा!" ते ओरडले.

"आता थांबणं अवघड आहे, सर," मोनाली म्हणाली. "वेग बघा."

तिचा उजवा हात दोघांच्या मधल्या, इंजिनांचा जोर वाढवणाऱ्या थ्रस्ट लिव्हरवर होता. सबनीसांनी पडद्याकडे पाहिलं. आकडे चढत होते. प्रत्येक उड्डाणात एक वेग असतो, व्ही-वन नावाचा. त्याच्या अलीकडे असाल तर लिव्हर मागे ओढून थांबता येतं. तो ओलांडला की थांबायचा विषय संपतो, पुढे काहीही असो, उडावं लागतं. तो वेग आला हे ओळखून मोठ्याने सांगायचं काम उजव्या खुर्चीतल्या माणसाचं, आणि ते ऐकेपर्यंत डाव्या खुर्चीतला माणूस लिव्हरवरचा हात काढत नाही.

"उल्का," सबनीस पुटपुटले, "तुझं बरोबरच आहे गं." पण ते मागे ऐकू जाणं शक्य नव्हतं. मागे माणसं गप्पा मारत होती. पेणकरांची आई कुणाला तरी खिडकीची जागा देत होती.

आकडा आला.

"व्ही-वन," सबनीस म्हणाले. आवाज त्यांच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला, अगदी शेवटच्या रांगेपर्यंत, ठोसरांपर्यंत गेला, आणि मागच्या गप्पा थांबल्या.

मोनालीने लिव्हरवरचा हात उचलला. समोरची भिंत आता इतकी जवळ आली होती, की तिच्यावरच्या रंगाचे पोपडे एकेक वेगळे दिसत होते.