लंडनहून आलेली सोराना

क्लूजमध्ये सॉफ्टवेअर कंपन्यांची खरेदी-विक्री सुरू झाली तेव्हा त्यांचे करार लिहिणारं शहरात कुणी नव्हतं. वकील होते, पण जमिनीचे, वारशाचे, घटस्फोटाचे. इलिंका मुरेशान तेव्हा तिशीत होती. प्रोग्रॅमर पोरांच्या शेजारी बसून, कोड म्हणजे काय आणि तो कुणाच्या मालकीचा कसा होतो हे शिकत ती या कामात मुरली. ओनिगा साहेबांच्या वकिली फर्ममधली टेक्नॉलॉजी शाखा म्हणजे बरीच वर्षं ती एकटीच होती. त्यामुळे शाखेला प्रमुख नेमायचं ठरलं, तेव्हा तिनं प्रमुखाच्या खोलीचे पडदेसुद्धा मनात निवडून ठेवले.

त्या खोलीत येऊन बसली सोराना बोगदान. इलिंकाहून धाकटी, लंडनला मोठमोठे करार करून परतलेली. ती आपल्याला बाहेरचं जग दाखवेल, असं ओनिगा साहेब सगळ्यांसमोर म्हणाले. इलिंकानं टाळ्या वाजवल्या आणि जागेवर येऊन पेन्सिलीला इतकं टोक काढलं की ती बोटभर उरली.

तेव्हापासून तिला सोरानाशिवाय काही दिसेना. तिचं हळू बोलणं, अशिलांशी पहिल्याच भेटीत जमणारी गट्टी, कालपर्यंत आपल्यामागे फिरणाऱ्या ज्युनिअर मुली आता दुपारी तिच्याबरोबर चोर्बाचं आंबट सूप प्यायला जातात ते. एखादी गोष्ट माहीत नसली तर सोराना सरळ सांगायची, "हे इलिंकाला विचारा, तिला जास्त कळतं." इलिंकाला तीही भीक वाटायची. घरी ती रोज सोरानाचंच सांगत बसे. एकदा नवरा, पेत्रू, ताटावरून मान वर न करता म्हणाला, "आज तिनं काय घातलं होतं ते राहिलंच की सांगायचं." त्यावर दोघांचा आठवडाभर अबोला.

त्या वसंतात सेप्टिमिऊची कंपनी विकायला निघाली. दातांचे एक्स-रे वाचणारं त्याचं सॉफ्टवेअर एका डॅनिश कंपनीला हवं होतं. सेप्टिमिऊ इलिंकाचा जुना अशील, पण व्यवहाराची सूत्रं सोरानाच्या हाती. एकदा इलिंकाबरोबर जेवताना तो सहज बोलून गेला की सॉफ्टवेअरचा गाभा होरियानं लिहिलाय आणि तो इतका पक्का आहे की अजून कुणी त्याला हात लावत नाही.

"होरिया कोण?" इलिंकानं विचारलं.

मित्र होता, तो म्हणाला. कंपनी निघायच्या आधीच भांडून गेला. आता जवळच्या तुर्दा गावात गिर्यारोहणाचं सामान विकतो.

इलिंकाचा घास तोंडातच राहिला. माणूस कधी नोकरीला नव्हता, त्यानं काही लिहून दिलेलं नव्हतं. म्हणजे गाभा अजून त्याच्याच मालकीचा. जी वस्तू आपली नाही ती कंपनी विकायला निघाली होती.

हे तिनं सोरानाला सांगायला हवं होतं. ती गप्प राहिली. डॅनिश वकिलांनी भर बैठकीत हा प्रश्न विचारला तर लंडनच्या बाईंचा चेहरा कसा होईल, या कल्पनेवर तिचे दोन दिवस फार सुखात गेले. तिसऱ्या दिवशी त्याहून गोड कल्पना सुचली. आपणच हे परस्पर मिटवायचं आणि मग सोरानाला कळू द्यायचं. ती गाडी काढून तुर्दाला गेली.

होरिया दुकानात दोर गुंडाळत होता. तिनं आधीच सांगून टाकलं की मी समोरच्या पक्षाची वकील आहे, माझ्या शब्दावर जाऊ नका, स्वतःचा वकील करा. तो ऐकून घेत होता, पण हात थांबले नव्हते.

"सेप्टी मुलाखतीत सांगतो, आईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून मी हे लिहिलं," तो म्हणाला. "टेबल माझ्या आईचं होतं. त्याला तेव्हा धड टायपिंगही येत नव्हतं. आणि आता तुम्ही आलात कायदा शिकवायला."

कायद्याचं बोलायचं तिनं बरंच ठरवून आणलं होतं. ते तसंच राहिलं. तिच्या तोंडून निघालं, "माझ्या खोलीत दुसरी बाई आणून बसवलीय हो. सगळं मी उभं केलं आणि नाव तिचं होतंय. चांगली आहे ती, त्याचाच जास्त राग येतो."

होरियानं पहिल्यांदाच दोर खाली ठेवला. मग ती बोलत राहिली, पडद्यांसकट सगळं बोलली. त्यानं कॉफी केली, मधे एकदा मोठ्यानं हसला आणि शेवटी आपल्या अटी सांगितल्या: रास्त हिस्सा, करारात मूळ लेखक म्हणून नाव आणि सह्यांच्या दिवशी सेप्टीनं सगळ्यांसमोर टेबलाचं खरं काय ते सांगावं.

इलिंकानं त्या अटी सोरानाला आणि सेप्टिमिऊला कळवल्या. त्यानं आढेवेढे घेतले, पण सह्यांच्या दिवशी कान लाल होईपर्यंत खरं ते सांगितलं. होरिया आपल्या वकिलाशेजारी बसून छताकडे बघत होता. मग पालिंका या कडक दारूचे प्याले भरले गेले आणि ओनिगा साहेबांनी अभिनंदन केलं ते सोरानाचं. अडलेला व्यवहार तिच्या हाताखालच्या लोकांनी कसा तडीस नेला, असं काहीतरी ते म्हणाले. हाताखालच्या. इलिंका प्याला तसाच ठेवून जिन्यात आली.

सोराना मागोमाग आली. "होरियाला काय सांगितलंस गं?"

"का?"

"मी तुझ्याआधी गेले होते तुर्दाला. कोडच्या अगदी जुन्या नोंदींत त्याचं नाव दिसलं होतं. त्यानं मला दुकानात उभंसुद्धा केलं नाही. मला लाज वाटली, म्हणून कुणाला बोलले नाही." ती कठड्याला टेकली. "या गावात सगळे तुझ्याशीच कसे बोलतात? मी येऊन वर्ष झालं, अजून पाहुणीच आहे."

तिच्या आवाजातली ती धार इलिंकानं लगेच ओळखली, स्वतःच्या घरातली असल्यासारखी. फार बरं वाटलं तिला. आणि त्याच क्षणी टोचलंही, की हिला आपल्याआधी कळलं होतं.

"कायदा सांगितला," ती म्हणाली.

"खोटं बोलतेस."

"हो."

सोराना वाट बघत थांबली. होरियाचा विश्वास न मागता इलिंकाच्या पदरात पडला होता, त्यातला वाटा ती कुणाला देणार नव्हती.

हिवाळ्याआधी इलिंकानं नोकरी सोडली आणि नदीपलीकडे स्वतःचं ऑफिस थाटलं. काम भरपूर मिळालं. एखाद्या व्यवहारात दोघींची विरुद्ध बाजूंच्या वकील म्हणून गाठ पडते, तेव्हा एकमेकींच्या मसुद्यात त्या स्वल्पविरामसुद्धा सोडत नाहीत. सकाळी पेत्रू कॉफी आणून ठेवतो तेव्हा इलिंकाच्या फोनवर व्यवहारांच्या बातम्या उघड्या असतात आणि त्यात ती सगळ्यात आधी सोरानाचं नाव शोधत असते.