बसून चालणारे महाराज

विचुंबे गावातल्या एका पत्र्याच्या शेडबाहेर दर गुरुवारी गाड्यांची रांग लागायची. आतल्या भक्तांना डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं, म्हणून ते सगळे गाडीने येत.

या भागातली माणसं पूर्वी शेतात आणि मिठागरात इतकी चालायची, की चालण्याला व्यायाम म्हणतात हे त्यांच्या गावीही नव्हतं. मग जमिनी गेल्या, टॉवर आले, पैसा आला आणि मागोमाग रक्तात साखर आली. डॉक्टर म्हणाले, "चाला." पण दाराशी गाडी असताना चालायचं म्हणजे गावात शोभा. वाटेत कोणीतरी विचारणारच, "काय रं, गाडी इकलीस काय?"

नेमकी ही अडचण चरण महाराजांनी ओळखली. ते भक्तांच्या वतीने चालत. बसून.

महाराज मांडी घालून चौरंगावर बसत. समोर चांदीच्या ताटात एक जीपीएस यंत्र. ट्रेकवाले हातात धरून फिरतात आणि किती चाललो ते बघतात, तसलं.

"आकडा तुझ्याच हाताने शून्य कर, तुळशीराम. मनात शंका नको," महाराज समोरच्या भक्ताला म्हणत. यंत्र त्यांच्या मांडीवर जाई. भजन सुरू होई. महाराज तसूभर हलत नसत. भजन संपलं की सेवेकरी प्रणित यंत्र उंच धरून ओरडे, "एक किलोमीटरच्या वर!"

"देह बसला, चरण चालले!" महाराज गरजत. "तुळशीराम, तुझी साखर माझ्या पोटऱ्यांत उतरली रे!"

मग चार जण त्यांच्या पोटऱ्या चेपायला धावत. प्रसादाला पेढे असत. मधुमेह्यांच्या सत्संगात पेढे वाटायला छाती लागते, हे मी शत्रू असूनही मान्य करतो.

आमच्या शेजारच्या सखूबाईंनी महाराजांच्या भरवशावर गोळ्या सोडल्या. दिवाळीच्या सुमाराला त्यांच्या डाव्या पायाचं बोट काळं पडलं. ते कापावं लागलं. इस्पितळातून घरी आल्यावर त्या मला म्हणाल्या, "म्हाराज चालले म्हनून येकच बोट गेलं, भाऊ. नायतर आमी आख्ख्या पायानं गेलो असतो."

घरी आल्यावर गोळ्या पुन्हा बंद. मार्चच्या तपासणीत डॉक्टरांनी त्यांच्या मुलीला, मनिषाला, बाजूला घेऊन सांगितलं, "असंच चाललं तर पुढच्या खेपेला पाऊल जाईल."

मनिषा शाळेत भूगोल शिकवते. ती रडली वगैरे नाही. मी म्हटलं, "पोलिसात जा."

"जाणारच आहे, काका. पण आधी नाही. आज त्याला धरून नेला तर आई म्हणेल, संताला छळलं. गोळी तर घेणारच नाही, वर उपास धरेल." तिने ओढणीची गाठ मारली. "मला तो पकडलेला नकोय. मला तो चाललेला हवाय."

पुढच्या गुरुवारी ती आईला, मला आणि एका पिशवीला घेऊन शेडमध्ये आली. पिशवीतून तिने घरचा वरवंटा काढला आणि चौरंगावर ठेवला. त्याला टेकून तसलंच एक यंत्र.

"हे काय?" प्रणितने विचारलं.

"आमचा वरवंटा. त्यालाही चालायचंय. आकडा तुम्हीच शून्य करा, मनात शंका नको."

भजन झालं. महाराज किलोमीटरभर चालले होते. वरवंटा त्यांच्या थोडा पुढे होता.

महाराजांनी डोळे मिटले, उघडले. "माझ्या सान्निध्यात पाषाणही चालू लागला!"

"वा! वा!" गर्दी उसळली. दोन बायकांनी वरवंट्याला हळदकुंकू लावलं. तुळशीराम त्याच्या पाया पडला. मी कपाळाला हात लावला. मनिषा मात्र हसत होती.

"महाराज, बसून एवढी कृपा, तर उठून चाललात तर केवढी होईल! माझ्या आईचं पाऊल वाचवा. समोरच्या मैदानाला फेऱ्या मारा. हे यंत्र मी शून्य करून तुमच्या कमरेला लावून देते."

गर्दीने महाराजांना नाही म्हणायला वेळच दिला नाही. चौघांनी उचलून उभं केलं. बाहेर मार्चचं ऊन, झाड एक नाही. सखूबाई शेडच्या दारात खुर्चीवर हात जोडून बसल्या.

महाराज चालले. आधी ऐटीत, मग पाय ओढत. थांबले की मनिषा हात जोडायची, "अजून थोडं, महाराज. आई बघतेय." भक्त मागून जयघोष करत ढकलायचे. चपला तुटल्या. उपरणं घामाने अंगाला चिकटलं. मला दया यायला हवी होती. मी आत जाऊन थंड पाणी प्यायलो.

शेवटी महाराज मातीत बसले. प्रणितने त्यांच्या कमरेचं यंत्र काढलं आणि आकडा मनातच वाचला.

"मोठ्याने वाच," मनिषा म्हणाली.

"पाव... पाव किलोमीटर पण नाय."

"खोटं!" महाराज किंचाळले. "पायाला फोड आलेत माझ्या! एवढा वेळ चाललो, सगळ्यांनी बघितलंय! यंत्र चुकतं! त्याला काय कळतं?"

खुर्चीवरून सखूबाईंचा आवाज आला.

"यंतर चुकतं? मंग माजं बोट?"

यंत्र कसं चुकतं ते मनिषाने वर्गात सांगावं तसं सांगितलं. यंत्र पावलं मोजत नाही. ते उपग्रहांकडून आपली जागा विचारतं, ठिपके टाकतं आणि ठिपक्यांमधल्या सरळ रेषांची बेरीज करतं. पत्र्याखाली, दोन टॉवरच्या बेचक्यात, ते संदेश भिंतींवर आपटून येतात. यंत्राला वाटतं आपण आत्ता इथे, आत्ता तिथे. दर सेकंदाला ठिपका टाकायला लावलं की या खोट्या उड्यांची बेरीज वाढत जाते, मग मांडीवर महाराज असोत की वरवंटा. "आणि मैदानात मी यंत्राला दर दहा मिनिटांनी एकच ठिपका टाकायला लावलं होतं. मधल्या सगळ्या फेऱ्या गेल्या. उरल्या त्या इकडून तिकडे दोन-तीन सरळ रेघा."

"हा आधी ट्रेकला पोरं न्यायचा," प्रणित महाराजांकडे बोट दाखवून हळूच म्हणाला. "त्याला म्हाईत हाय सगळं."

त्या संध्याकाळी जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार झाली. महाराजांना पोलिसांच्या जीपपर्यंत दोघांनी धरून नेलं, कारण त्यांना चालवत नव्हतं.

सखूबाईंनी पिशवीतली पाण्याची बाटली काढली, मनिषाने पुढे केलेली गोळी गिळली आणि वरवंट्यावरचं कुंकू पदराने पुसलं. "चल, उद्या चटनी वाटायचीय." डॉक्टरांनी दिलेल्या मऊ बुटांत त्या घराकडे सावकाश निघाल्या. मी गाडीचं दार उघडलं, तर हातानेच नको म्हणाल्या.

लोकहो, यंत्राचा आकडा दिसला की तो आला कुठून हे विचारा. यंत्राला त्याचा राग येत नाही. ज्याला येतो, त्याला उन्हात चालवून बघा.