कौलमणी आणि अवनीची सुई

"वळला! डावीकडे वळला!"

खराडीच्या एका मंगल कार्यालयात चारशे माणसं एकदम ओरडली. गुळगुळीत ग्रॅनाइटवर निळा-काळा गोळा संथपणे घरंगळत गेला, अर्ध्या वाटेत डावीकडे झुकला आणि डाव्या समईपाशी जाऊन थांबला. कुणी हात लावला नव्हता. बायांनी पदर पसरून नमस्कार केले.

गोलानंद महाराजांनी डोळे मिटले. "डावा कौल! पोरीची सुई आजपासून बंद. सकाळ-संध्याकाळ आपलं भस्म."

पोरगी म्हणजे अवनी, माझ्या चुलतबहिणीची, मैनाची, नऊ वर्षांची लेक. तिचं शरीर इन्सुलिन बनवत नाही. ती दिवसातून चार वेळा सुई घेते, शाळेत जाते, खो-खो खेळते. सुई थांबली तर चार दिवसांत पोर हातची जाईल, हे डॉक्टरांनी मैनाला कितीदा तरी बजावलेलं. पण पोटच्या पोरीला टोचून टोचून मैना थकली होती, आणि थकलेली आई म्हणजे या असल्या बुवांचं हक्काचं गिऱ्हाईक.

आमच्या गावात कौल लावायची रीत जुनी. उजवा म्हणजे हो, डावा म्हणजे नाही. गाव शहरात गेलं, शेतांवर टॉवर उभे राहिले, रीत राहिली. या भामट्यानं नेमकं तेच हेरलं.

"हा कौलमणी हिमालयात आकाशातून पडला," महाराजांची टकळी चालूच. "यात क्वांटम स्पंदनं आहेत. इथल्या इंजिनिअर मंडळींना वेगळं सांगायला नको."

आणि इंजिनिअर मंडळी माना डोलावत होती! डिग्र्या काय लोणच्याला घातल्या होत्या?

गोळा जवळून पाहिला आणि माझ्या डोक्यात तिडीकच गेली. मी उत्कर्षा. एका मॉलमधल्या बोलिंग सेंटरमध्ये, जिथे जड बॉल घरंगळवून उभ्या पिना पाडतात, अकरा वर्षं खेळाडूंच्या बॉलला बोटांची भोकं पाडून देते. हिमालय कसला, तो बोलिंगचा कोरा बॉल होता! भोकं पाडलेली नव्हती, म्हणून कुणाला ओळखू आला नव्हता.

मी उठले. "महाराज, हा शेंदराचा टिळा जरा पुसते."

"बाई, मणी विटाळेल!"

"विटाळू दे. साबणानं धुऊन देते."

सेवक माझ्या अंगावर धावले. तेवढ्यात मैनाचे वडील, दत्तोबाकाका, आडवे आले. "हात लावून तर बघा माझ्या पुतनीला! काय म्हनतीया ते ऐकू दे."

टिळ्याखालून पांढरा ठिपका निघाला.

"ऐका," मी म्हणाले. "हा बॉल बाहेरून सगळीकडून सारखा दिसतो. आत मात्र एक जड गाभा असतो, बल्बसारखा बेढब. तो बरोबर मधोमध नसतो, म्हणून बॉलची एक बाजू जड होते. गाभ्याचं टोक, म्हणजे साधारण जड बाजू, कुठे आहे ते कळावं म्हणून कारखान्यातच हा ठिपका ठेवतात. गाभ्याचा आकार, जड बाजूचं जास्तीचं वजन, सगळं खोक्यावर लिहिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय मी ड्रिलला हात लावत नाही. बॉल जोरात सोडला तर जवळजवळ सरळ जातो. हळू सोडला की जड बाजूकडे वळतो. महाराज हळू का सोडतात, कळलं का आता?"

ठिपका उजवीकडे ठेवून मी बॉल हळूच सोडला. बॉल उजवीकडे वळला. ठिपका डावीकडे ठेवला, तर डावीकडे. पुन्हा उजवीकडे ठेवला, पुन्हा उजवीकडेच.

"परस्त्रीच्या स्पर्शानं मणी कोपला आहे!" महाराज किंचाळले.

"मग तुम्ही सोडा की. ठिपका मी ठेवते."

महाराज मागे सरकले. मैनानं मात्र पर्समधून इन्सुलिनचं पेन काढलं आणि सगळ्यांसमोर अवनीला जवळ ओढलं.

"आई, बंद झाली ना सुई?"

"नाही गं बाळा. आई चुकली होती."

मग मागच्या रांगेतून वेणूबाई आल्या. त्यांच्या नवऱ्याच्या, हिंमतरावांच्या, हृदयाच्या गोळ्या याच महाराजांच्या डाव्या कौलानं बंद झाल्या होत्या. त्यांना जाऊन तीन आठवडे झाले होते. वेणूबाई फरशीवर बसल्या, ठिपका उजवीकडे केला आणि बॉल ढकलला. तो उजवीकडे वळला.

"आमच्या मालकांच्या येळंला ह्यो ठिपका डावीकडं ठिवला व्हतास," त्या महाराजांना म्हणाल्या. "उजवीकडं ठिवला असतास तर गोळ्या चालू ऱ्हायल्या असत्या. डावीकडं का ठिवलास रं? तुझं भस्म खपावं म्हनून?"

यात मीही दोषी आहे. हिंमतरावांचा कौल लावला तेव्हा असल्या ठिकाणी कशाला जायचं म्हणून नाक मुरडून मी घरी बसले होते, त्याची लाज अजून जात नाही.

जादूटोणाविरोधी कायद्याखाली आम्ही तक्रार दिली. पहिली सही वेणूबाईंची आहे. देवाला जायचं तर जा, कोण अडवतंय? पण औषध बंद करा म्हणणाऱ्या माणसावर विश्वास ठेवू नका, आणि त्याचा चमत्कार हातात घेऊन, उलटा-सुलटा करून बघितल्याशिवाय सोडू नका. असल्या कौलावरून कुणी गोळ्या थांबवल्या असतील तर लाजत बसू नका. आजच्या आज डॉक्टरकडे जा.