पोटातला एक पौंड

आर्डन व्रूविंक विस्कॉन्सिनमधल्या एका जिल्ह्याचा वजनमाप निरीक्षक होता. दुकानातले आणि चीजच्या कारखान्यांतले काटे तपासायचे आणि गुंजभर जरी फरक निघाला तरी वर लाल चिठ्ठी डकवायची, हे त्याचं काम. रविवारी चर्चहून आला की मात्र तो लोर्ना टेशच्या तळघरात जाऊन सरदार ओस्विन व्हायचा.

तिथे चौघं जण टेबलाभोवती बसून गोष्टीचा खेळ खेळत. तिघांनी एकेक पात्र घ्यायचं, लोर्नाने सूत्रधार म्हणून त्यांच्यापुढे संकटं उभी करायची, आणि कोण वाचलं, कोण मेलं ते वीस बाजूंच्या फाशाने ठरवायचं. खेळाच्या नियमांचं एक जाडजूड पुस्तक होतं. ते आर्डनला तोंडपाठ होतं. लोर्नाने त्याच्यावर कॉफीचा मग ठेवलेला असे.

त्या रविवारी पुलावर राक्षस आडवा आला. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या मेव्हिस प्रिबिलची चेटकीण पुढे झाली आणि तिने कोबीच्या सूपचं पातेलं पुलावर पालथं केलं.

"टाक फासा," लोर्ना म्हणाली. "बारा किंवा वर आलं तर घसरला मेला."

"थांबा!" आर्डन उठलाच. "पान सदुसष्ट. माणूस असो की राक्षस, घसरतो तो फक्त तेलावरून. कोबीचं नावही नाही तिथे."

"माझ्या सूपमध्ये चरबी असते, आर्डन," मेव्हिस म्हणाली. "मागच्या शुक्रवारी तीन वाडगे चापलेस, तेव्हा नाही विचारलंस कुठल्या पानावर आहे ते!"

चौदा पडले. राक्षस आपटला. आर्डन तासभर गाल फुगवून बसला. शेवटी लोर्नाचा पारा चढला. ती बर्फ हटवायची गाडी चालवायची आणि तिचा आवाजही त्या गाडीला साजेसा होता.

"पुढच्या रविवारी तूच बस या खुर्चीत! पुस्तकातलं एक अक्षर इकडचं तिकडे करायचं नाही. तुझा तो ओस्विन मी खेळवते."

आर्डनला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आठवडाभर त्याने पुस्तकात खुणेचे कागद घातले. रविवारी सहा वर्षं जपलेल्या ओस्विनचा कागद लोर्नाच्या हाती देताना मात्र त्याने तो पटकन सोडला नाही. "नीट सांभाळ हं त्याला," तो म्हणाला.

पहिल्याच वळणावर नदी लागली. आर्डनने शिस्तीत हवामानाचा तक्ता काढला, मग पाण्याच्या वेगाचा, मग गाढवाच्या स्वभावाचा. गाढव रुसलं की नाही हे ठरायलाच पाऊण तास गेला. चोर झालेला ऑर्व्हल स्कार खुर्चीत घोरायला लागला. मेव्हिसने विणकाम काढलं.

"मी उतरते पाण्यात," ओस्विनच्या वतीने लोर्ना म्हणाली.

"पान एकतीस," आर्डन खुशीत म्हणाला. "अंगावर ऐंशी पौंडांहून जास्त ओझं असेल तर माणूस बुडतो. फासाही टाकायचा नाही. कर बेरीज."

लोर्नाने बेरीज केली आणि तिचे डोळे लकाकले. "एक्क्याऐंशी."

आर्डनचं तोंड उतरलं. त्याने कागद हिसकून घेऊन पुन्हा पाहिलं. चिलखत, ढाल, तलवार, बारा दिवसांची शिदोरी, अगदी सुईदोऱ्याचंही वजन त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेलं होतं. एक्क्याऐंशीच.

"ढाल टाक ना," तो हळूच म्हणाला.

"पान अठ्ठावन्न. सरदाराने ढाल काय, सुईसुद्धा टाकली किंवा कुणाला दिली तर सरदारकी गेली."

"तू पुस्तक वाचलंयस?"

"तीनदा. काय गाळायचं ते वाचल्याशिवाय कसं कळणार?"

मेव्हिसला दया आली. "अगं, मग पौंडभर शिदोरी खाऊन टाक की!"

आर्डनचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. आयुष्यभर काटे तपासलेला माणूस तो. "खाल्लं म्हणून वजन जातं कुठे? पिशवीतलं पोटात येतं, इतकंच."

"काहीतरीच काय!" ऑर्व्हल जागा होत म्हणाला. "खाल्लेलं अंगी लागायला दिवस लागतात."

वाद पेटला. शेवटी लोर्नाने न्हाणीघरातला काटा आणला. ऑर्व्हल बूट काढून उभा राहिला: दोनशे बारा. मेव्हिसने पौंडभर बटाट्याचं सॅलड मोजून दिलं. ऑर्व्हलने ते उभ्या उभ्या फस्त केलं आणि ढेकर दिली. सगळे काट्यावर वाकले.

दोनशे तेरा.

"बुडाला," लोर्ना म्हणाली. "चल आर्डन, लिही. ओस्विन, मृत्यू पाण्यात, पान एकतीस."

आर्डनने पेन्सिल उचलली. पण ती परत खाली ठेवली. त्याने पुढची पानं चाळली, मागची चाळली, शेवटची सूचीही पाहिली. पोटाविषयी पुस्तकात चकार शब्द नव्हता. मग त्याने पुस्तक मिटलं.

"पोटातलं ओझं धरायचं नाही," तो पुटपुटला.

"कुठल्या पानावर आहे?"

"कुठल्याही नाही! मी सांगतो म्हणून. या खुर्चीत मी बसलोय ना? खा तो पौंड आणि टाक फासा! दहा आले की पार!"

मेव्हिसने विणकाम फेकून टाळ्या पिटल्या. लोर्नाने फासा टाकला. अकरा. ओस्विन भरल्या पोटाने, धापा टाकत पलीकडच्या काठाला लागला.

"मस्त!" ऑर्व्हल हात चोळत म्हणाला. "मग माझा चोर त्याने चोरलेला नावेचा नांगर गिळतो आणि पाण्यात उतरतो."

"नाही गिळत."

"का? पोटातलं धरायचं नाही ना?"

"तोंडात मावणार नाही!"

"तोंडाचं माप कुठे लिहिलंय?"

"कुठेच नाही. आ कर, मी बघतो."

ऑर्व्हलने खरोखर आ केला. आर्डनने खिशातली सरकारी मोजपट्टी काढली, त्याच्या दातांमध्ये धरली आणि निकाल दिला, "सव्वादोन इंच. नांगर राहिला. पुढे?"

पुढे मेव्हिसच्या चेटकिणीला गाढव हवेने फुगवून त्यावर तरंगायचं होतं. आर्डनने गाढवाच्या वतीने नकार दिला, मग विचार करून शेपटी धरायला परवानगी दिली, पण गाढवाची माफी मागून. मेव्हिसने माफी मागितली. आर्डनने ती ऐकून घेतली, "मनापासून नव्हती," म्हणाला आणि परत मागायला लावली. जेवणाची वेळ झाली तेव्हा त्याचा घसा बसला होता आणि पुस्तक कुठे पडलंय याची त्याला शुद्ध नव्हती.

जिना चढताना त्याने लोर्नाला विचारलं, "पुढच्या रविवारीही मीच बसू का?"

"मुळीच नाही," ती म्हणाली. "त्याच्या पुढच्या रविवारी बस."