अर्धा इंच खाली

मी एका मिस्त्रीच्या घरची जुनी फरशी आहे. मित्रांनो, तुम्ही त्या घरी आलात तर मी तुम्हाला दिसणार नाही. तुम्हाला दिसेल पांढरी, गुळगुळीत, भिंतीपासून भिंतीपर्यंत एकसारखी फरशी. मी तिच्या खाली आहे. मोडले नाही, उखडले नाही, नुसती झाकली गेले. त्यापेक्षा मोडले असते तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

माझा मिस्त्री जन्मभर लोकांच्या घरी फरश्या बसवायचा. स्वतःच्या घरी मात्र नुसती सिमेंटची जमीन होती. दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तसंच. मग तो प्रत्येक कामावर उरलेल्या चार-सहा लाद्या मालकाला विचारून घरी आणू लागला आणि सुट्टीच्या दिवशी बसवू लागला. दाराशी गोदामातला खरखरीत काळा दगड. त्याच्यापुढे बारीक खडीची मोझॅक. खोलीच्या मधोमध लाल सिमेंटच्या लाद्यांची एक ओळ, साबणासारखी मऊ. स्वयंपाकघराच्या तोंडाशी जिन्याच्या पायऱ्यांवरच्या खाचांच्या लाद्या. आणि न्हाणीघराकडे वळताना एक कोपरा उडालेली लादी, जी कुठल्याच मालकाला नको होती. मी पुरी व्हायला चार वर्षं लागली.

त्याची बायको कपाळावर हात मारायची. "लोकांच्या घरी गालिचे अंथरता आणि आपल्या घरी ही गोधडी!"

"अगं, झोप गोधडीतच चांगली लागते," मिस्त्री म्हणायचा.

नावं ठेवायची तीच, पण ओल्या फडक्याने मला रोज पुसायचीही तीच. माझ्यावर तिचा मुलगा रांगला, पडला, चालायला शिकला. पुढे ती गेली. मुलगी सासरी गेली, मुलाचं लग्न झालं, सून आली, नात झाली. नातीला सगळे ठकी म्हणत. पाहुणे मला बघून नाक मुरडायचे, पण मला त्याचं काही वाटत नसे. ज्या घरात पाय पडतात, त्या घरातल्या फरशीला आणखी काय हवं असतं?

मग मिस्त्रीची नजर जाऊ लागली. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग समोरचंही विरत गेलं. डॉक्टरांनी त्याला एकट्याला सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही. घरी येऊन तो म्हणाला, "थोडं अंधुक दिसतं. वय झालं, दुसरं काय!" आणि त्या दिवसापासून त्याने घरात चपला घालायचं सोडलं.

का, ते फक्त मला कळलं. तो आधी पायाचा अंगठा टेकवायचा, मग टाच. खरखरीत लागलं की दार. खडी लागली की डावीकडे पलंग. मऊ लागलं की सरळ चालायचं. खाचा आल्या की स्वयंपाकघर. उडालेला कोपरा बोटाला लागला की उजवीकडे न्हाणीघर. वर्षभरातच त्याला काही म्हणजे काही दिसेनासं झालं, तरी तो घरात असा चालायचा की कुणाला शंका येऊ नये. आमच्या दोघांचं ते गुपित होतं. मला त्याचा केवढा अभिमान होता! आज त्याच अभिमानाची लाज वाटते. मी त्याला इतकं बेमालूम सांभाळलं नसतं, तर घरच्यांना वेळीच कळलं असतं.

ठकीबरोबर तो एक खेळ खेळायचा. डोळे मिटायचे आणि दारापासून स्वयंपाकघरापर्यंत कुठेही न धडकता जायचं. ठकी दर वेळी पलंगावर आपटायची. आजोबा दर वेळी जिंकायचे.

"आजोबा, तुम्ही लबाडी करता! डोळे उघडे ठेवता!"

"तुझी शप्पथ, काही दिसत नाही मला," तो म्हणायचा आणि हसायचा. तीही हसायची.

एकदा माझ्या लाल ओळीवर पाणी सांडलं होतं. त्यावरून सुनेचा पाय घसरला. फार लागलं नाही, पण मुलगा घाबरला. "आज तू पडलीस, उद्या बाबा पडले तर? ही फरशी बदलायलाच हवी." मित्रांनो, त्या घरात कुणी वाईट नव्हतं. सगळं मायेपोटीच झालं, म्हणून तर मी कुणावर रागावूही शकत नाही.

मिस्त्री तीन आठवडे लेकीकडे राहायला गेला, तिथे नवख्या घराचं निमित्त करून तिचा हात धरून वावरला, आणि इकडे एकेक ठेकेदार येऊ लागला. पहिला म्हणाला, सगळं फोडावं लागेल. दुसऱ्याने लाकडासारख्या दिसणाऱ्या पट्ट्या दाखवल्या. नमुने टेबलावर मांडून दोघं नवरा-बायको उजेडात तिरपे करकरून बघत होते.

"ही लाकडाची दिसते छान, पण पाणी मुरलं की फुगते म्हणे," सून म्हणाली. "आणि मार्बल नकोच. चहा सांडला की डाग कायमचा."

"मग ही पांढरी घे. घसरत नाही, आणि कुठे उंचसखल नाही."

"बाबांना विचारायचं का एकदा? त्यांचंच तर काम आहे हे."

"ते काय म्हणणार? आहे ते बरं आहे! त्यापेक्षा आल्यावर एकदम बघू देत की. खूश होतील."

डोळ्यांनी निवडली हो सगळ्यांनी. त्या नमुन्यावर अनवाणी पाय कुणी ठेवून बघितला नाही.

तिसरा ठेकेदार मात्र जाणता होता. त्याने हातोडीच्या दांड्याने माझी एकेक लादी वाजवून पाहिली. "कुणी बसवली ही?"

"माझ्या वडिलांनी."

"एकसुद्धा पोकळ वाजत नाही. असा हात आता राहिला नाही." मी सुखावले. इतक्या वर्षांत जाणकाराने केलेलं ते पहिलं कौतुक. मग तो म्हणाला, "इतकी पक्की आहे तर फोडायची कशाला? हिच्यावरच नवी बसवू. धूळ नाही, आवाज नाही."

मी कच्ची असते तर ढिगाऱ्यात गेले असते. पक्की होते म्हणून पुरली गेले.

छिन्नीने माझ्या अंगावर टोचे पाडले, त्यावर चिकट लगदा थापला. आतल्या खोल्यांपासून एकेक ओळ अंधारात जात गेली. दाराशी असलेला काळा दगड सगळ्यात शेवटी झाकला गेला. सुताराने दारं खालून अर्धा इंच तासली.

मिस्त्री घरी आला. सवयीने दाराशी चपला काढल्या, पाय आत टाकला आणि थबकला. मी खालून त्याचं वजन ओळखलं.

"कशी वाटली, बाबा?" मुलगा उत्साहाने म्हणाला.

मिस्त्रीने अंगठ्याने एक सांधा चाचपला. "सांधे छान भरलेत. लेव्हलही बरोबर आहे." एवढं बोलून तो तिथेच उभा राहिला. सुनेला वाटलं, सासऱ्यांना भरून आलं.

त्या दिवसापासून तो खुर्चीत बसून राहू लागला. गुडघे दुखतात म्हणायचा. न्हाणीघरात जायचं तर भिंतीला खांदा घासत, तेही आसपास कुणी नसेल तेव्हा. मी खाली होते, सगळी खरखर, सगळ्या खाचा जिथल्या तिथे. पण त्याच्या पायांपर्यंत काही पोचत नव्हतं.

एका दुपारी ठकीने हट्ट धरला. "आजोबा, चला, डोळे मिटायचा खेळ!" तो नको नको म्हणत होता, पण तिने ओढतच दारापाशी नेलं. दोघं निघाली. ठकी पलंगावर आपटली. आजोबा चार पावलं गेले, वळले, पुन्हा वळले आणि खोलीच्या मधोमध, माझ्या लाल ओळीवर, हात पुढे करून उभे राहिले.

"हरले! आजोबा हरले!" ठकीने टाळ्या पिटल्या. "आता उघडा डोळे. संपला खेळ."

"उघडेच आहेत गं," मिस्त्री म्हणाला.

ठकीच्या टाळ्या थांबल्या. स्वयंपाकघरातून बाहेर येत असलेल्या सुनेने जवळ येऊन त्याचा पुढे केलेला हात धरला.

मुलाने त्याच दिवशी ठेकेदाराला बोलावलं, अक्षरशः हात जोडले. ठेकेदार मान हलवत म्हणाला, "वरची काढाल तर खालचीही तिच्याबरोबर उखडून येईल, साहेब. आता ती वेगळी होत नाही."

आता मिस्त्रीला कुणी ना कुणी हात धरून नेतं. ज्याने साऱ्या गावाच्या पायाखालची जमीन सपाट केली, त्याला स्वतःच्या घरात विचारावं लागतं, "मी कुठे आहे?"

मित्रांनो, घरातलं जुनं काही बदलायला निघालात, तर आधी त्यावर कुणाचा जीव टेकलेला आहे ते विचारा. आणि तुम्हाला काही दिसेनासं झालं, तर ते लपवू नका. माझं ऐकून तुमच्या घरी काही टळलं तर टळो. आमच्या घरी आता काही व्हायचं नाही. तो रोज खुर्चीत बसतो आणि त्याचा अंगठा जमिनीवर हळूहळू फिरत काहीतरी शोधत राहतो. मी त्याच्या खालीच आहे, अर्ध्या इंचावर.