गोळ्यांचं डोहाळं

माझ्या पोटात कळ उठायची म्हंजी कशी? माधवनगरच्या गिरणीचा भोंगा बिघडला, तर माझ्या वरडण्यावर पाळी बदलायची! खोटं वाटत आसंल तर जा, गिरणीला इचारा.

पर दुखणं खरं व्हतं. आतड्याला जखमा, परसाकडंला रगात. लढाईची सालं, तुमचा आजा पल्टनीत, आनि त्यातच मला दिस गेलं. मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "गोळ्या मनानं बंद करू नगंस. दुखणं उसळलं तर तुला बी धोका, बाळाला बी. मऊ भात खा, पानी उकळून पी, आनि दाखवायला येत जा."

घरी आले, तर चुलतसासू सुलाबाई दारातच. "पोटुशीनं गोळ्या खायच्या? पोर आंधळं निपजंल!" तिचं ऐकून माझ्या सासूनं गोळ्यांची बाटली उतरंडीत दडवली. सासू लय सरळ. जलमात खोटं बोलली न्हाई. आनि माझं तर खरं बी कुनी धरत न्हवतं!

थोड्याच दिसांत रगात परत दिसलं. मी लय भ्याले. पोर ऱ्हातंय का जातंय! सांगितलं, तर सुलाबाई म्हनली, "हिचं काय ऐकताय? हिच्या गोष्टीत म्हस बी झाडावर चढती."

खरं कुनी ऐकंना. मग खोटं काढलं.

"आत्याबाई, मला डोहाळं लागल्यात."

सासू खुलली. "कशाचं गं? चिंचंचं?"

"त्या पांढऱ्या गोळ्यांचं."

"गोळ्यांचं डोहाळं आस्त्यात व्हय?" सुलाबाई म्हनली.

"आवं, तुमी न्हवं का चुलीची माती खाल्लीसा? माझ्या पोराला गोळी पायजे. डोहाळं मोडलं आनि पोराचा कान फुटला, तर तुमी निस्तरा!"

सासूनं माझ्या पांढऱ्याफटक तोंडाकडं बघितलं. मग एकेक गाडगं उतरवलं, बाटली काढली, म्हनली, "डोहाळं मोडू न्हाई."

दुसऱ्या दिशी तिनं सवता गाडी जुपायला लावली, मला मिरजंला नेलं. गोळ्या बंद केल्यानंच रगात आलं, आसं डॉक्टरीणबाई म्हनल्यावर सासूनं त्यांच्याम्होरं सवताचं कान धरलं. त्या दिसापास्नं माझं पानी तीच उकळायची.

डोहाळजेवनाला बाकीच्यांना पुरनपोळी, मला मऊ भात. आनि भाताच्या आधी इड्याच्या पानावर एक गोळी! सुलाबाईनंच पान्याचा तांब्या धरला. "घे बाई, पोराचा हट्ट!"

तुमचा बाप जलमला. आसा रडला, आसा रडला, की तिकडं लोणंदला गाडीचा सिग्नल पडला! सासूनं त्याला मांडीवर घेतलं, दोनी कान न्याहाळलं.

"फुटलं न्हाईत," म्हनली. मग हळूच माझ्याकडं वळली. "बने, गोळ्या लय कडू गं. म्या एक चाटून बघितलीवती. त्यांचं डोहाळं कुनाला लागंल?"

"मग सुलाबाईम्होरं माझी बाजू कशी घेतलीसा? तुमी तर खोटं बोलत न्हाईसा!"

"कुठं बोलले? डोहाळं मोडू न्हाई, येवढंच म्हनले."

तुमच्या बापाच्या डोक्याला तेल लावताना आजबी माझा हात त्येच्या कानावर थांबतो. सासूची आठवन येती, आनि हात आपसूक जोडलं जात्यात.