झाकणाच्या आतल्या खुणा

छकुलीने पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढली आणि टेबलावर अलगद सोडली. "ताई, बाबांच्या कपाटात सापडलं. अस्सल आहे की नाही, ते तुझ्याशिवाय कोण सांगणार?"

छकुली आता चाळिशीची, दोन मुलांची आई. पण भिंगवालीसाठी ती अजून छकुलीच होती. भिंगवाली हे नाव गिऱ्हाइकांनी पाडलेलं. गेली एकवीस वर्षं ती या अरुंद दुकानात डोळ्याला भिंग लावून जुनी मनगटी घड्याळं दुरुस्त करायची, त्यांची पारखही करून द्यायची. ही सगळी विद्या तिला दिली ती छकुलीच्या वडिलांनी. अख्खा बाजार त्यांना उस्ताद म्हणायचा. त्यांना जाऊन दोन महिने झाले होते.

"उस्तादांच्या मनगटावर मी कधी घड्याळ पाहिलं नाही," ती म्हणाली.

"तेच ना! लोकांच्या घड्याळांतून सवड मिळाली की घालीन म्हणायचे. आणि हे बघ, बनियनच्या घडीत दडवलेलं. पारखीचा कागद दिलास की थोरल्याला देईन. आजोबांची आठवण."

भिंगवालीने घड्याळ उजेडात धरलं. डायल पुन्हा रंगवलेली नव्हती. कडेला पिवळी पडली होती, ती वयाने पडावी तशीच. काट्यांवरचा लेप आणि आकड्यांवरचा लेप एकाच रंगाचा. चावीसुद्धा मूळची. "आत्तापर्यंत तरी बावनकशी दिसतंय," ती म्हणाली आणि घड्याळ पालथं करून तिने मागचं झाकण फिरवून उघडलं.

दुरुस्ती झाली की कारागीर झाकणाच्या आत सुईने आपली खूण आणि तारीख कोरतो, पुढच्याला कळावं म्हणून. या झाकणात सगळ्यांत वर एक बारीक त्रिकोण होता, मध्ये टिंब. तो तिचाच. तारीख बत्तीस वर्षांपूर्वीची.

तिने भिंग काढलं, पुसलं, पुन्हा लावलं.

हे घड्याळ एका निवृत्त मुख्याध्यापकांचं होतं. तेव्हा ती चोवीस वर्षांची, उस्तादांच्या दुकानात शिकत होती. ते साफ करून तिने आपल्या खणात ठेवलं आणि दोन दिवसांनी पाहते तर खण रिकामा. मुख्याध्यापकांनी भर दुकानात, चारचौघांदेखत तिला चोर म्हटलं. तेव्हा उस्ताद मध्ये पडले. "पोरगी वेंधळी असेल, चोर नाही," असं म्हणत त्यांनी हात जोडले आणि कसंबसं प्रकरण मिटवलं. नंतर तिला जवळ बोलावून म्हणाले, "झालं गेलं विसर. फक्त मला पुन्हा मान खाली घालायला लावू नकोस."

तिने ती वेळ येऊ दिली नाही. मोठ्या दुकानांतून बोलावणी आली, मामा स्वतःची जागा द्यायला तयार होते. पण उस्तादांना सोडून जायचं तिच्या जिवावर आलं. अकरा वर्षं ती तिथेच राहिली. दोन महिन्यांपूर्वी दवाखान्यात त्यांचा हात हातात घेऊन ती म्हणाली होती, "तुम्ही पाठीशी उभे राहिलात म्हणून मी आहे." उस्तादांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. थकले असतील, असं तिला वाटलं होतं.

नंतर कधीतरी सापडलं असेल, ती स्वतःला समजावू लागली. कुठल्या तरी फळीमागे मिळालं असेल, आणि मग सांगायला जीभ रेटली नसेल.

त्रिकोणाखाली अर्धा चंद्र कोरलेला होता. उस्तादांची खूण. तारीख घड्याळ हरवल्यानंतर चौथ्याच महिन्याची. त्याखाली आणखी तीन चंद्र, दोन-तीन वर्षांच्या अंतराने. चारही वेळा त्यांनी हे घड्याळ उघडलं होतं, तेलपाणी केलं होतं; आणि त्या सगळ्या वर्षांत ती त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसत होती, कोपराला कोपर लागेल इतकी जवळ.

"काय गं? नकली आहे?"

"नाही. एकदम खरं आहे," भिंगवाली म्हणाली. "पण तुझ्या बाबांचं नाही. मी हरवलं म्हणून जे घड्याळ सगळ्यांना माहीत आहे ना, ते हेच."

छकुली म्हणाली, "बाबा असं करणं शक्य नाही. तूच चुकून त्यांच्या सामानात ठेवलं असशील."

भिंगवालीने भिंग तिच्या हातात दिलं आणि झाकण पुढे सरकवलं. ते चंद्र छकुलीला लहानपणापासून माहीत होते. ती बराच वेळ वाकून पाहत राहिली.

"कागदावर हे लिहायलाच हवं का?" तिने खालमानेने विचारलं.

भिंगवालीने कागद ओढला. घड्याळ अस्सल, सर्व भाग मूळचे, असं लिहिलं. त्याखाली लिहिलं, दुरुस्तीसाठी आलेलं, मालकाला परत न दिलेलं. सही केली.

छकुलीने तो वाचला. घड्याळ रुमालात गुंडाळलं, पर्समध्ये टाकलं. कागद होता तिथेच राहू दिला. दारात थांबून म्हणाली, "ताई, बाबा तुला मुलगीच मानायचे."

"हो. म्हणायचे तसं."

दुपारीच कुलूप लावून ती घरी आली. चपलासुद्धा न काढता तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मोह झाला असेल. माणूसच तो."

"घड्याळाचं जाऊ दे हो," ती म्हणाली. "त्यांनी मला माफ केलं होतं. समोर बसून, डोळ्यांत डोळे घालून माफ केलं होतं! आणि मी वेडी, त्या माफीला जागत राहिले."

नवऱ्याने पाण्याचा पेला पुढे केला. तिने तो घेतला नाही.

"मुख्याध्यापकांच्या घरी जाऊन येते," ती म्हणाली.

"ते कधीच गेले ना?"

"घरातलं कोणीतरी असेल. मी घेतलं नव्हतं, एवढंच सांगायचंय."

आणि ती तशीच पुन्हा बाहेर पडली.